झालं आजचं

दाराशी येऊन गाढववाला सवयीने खोकला आणि त्याने कडी काढली.

"बघा, उठली की नाही?" मागे वळून तो म्हणाला. पोरगी वर्गात पहिली आल्यासारखा तोरा होता त्याच्या आवाजात.

गाढवीण उठली होती खरी, पण तीन पायांवर. मागचा डावा पाय मांडीत मोडला होता आणि नुसता लोंबत होता. परवा विटा घेऊन चढताना पायरीवरून तिचा खूर निसटला आणि ती ओझ्यासकट खाली आली. तिला सगळी वस्ती बाईसाहेब म्हणायची. वाटेत चिखल दिसला की ती थांबायची आणि कोरडी जागा सापडेपर्यंत कुणाच्या बापाला ऐकायची नाही, म्हणून.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅग खाली ठेवली. "काल सांगितलं तेच आज सांगते. हे हाड जुळायचं नाही. मी देते त्या औषधाने दुखणं घटकाभर दबतं, एवढंच. शेवटचं इंजेक्शन दिलं तर शांतपणे जाईल. पण हो तुम्ही म्हणायचं."

"जायला टेकलेलं जनावर असं उभं राहतं का, मॅडम? चौदा वर्षं सांभाळतोय. हिचं मला कळतं."

"तुला डोंबल कळतं," दारातून त्याची थोरली बहीण म्हणाली. तिचं स्वयंपाकघर शेडला लागून होतं आणि दोन दिवस ती भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. "काल सांगायला गेले तर अंगावर आलास. तू असतोस ना, तेवढ्यापुरतीच ती उभी असते."

"म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे बाहेर ये आणि डोळ्यांनी बघ."

एरवी त्याने तासभर हुज्जत घातली असती. पण डॉक्टरीणबाई आधीच बाहेर निघाल्या होत्या, त्याचंच त्याला भय वाटलं. तो बाहेर आला, दार ओढून कोपऱ्यापर्यंत पावलं वाजवत गेला, आणि चपला हातात घेऊन परत आला. दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिला त्याने डोळा लावला.

बाईसाहेब थोडा वेळ कान टवकारून तशीच उभी राहिली. मग तिचे पुढचे गुडघे लटपटले आणि ती खाली कोसळली. मान जमिनीला लागली. मोडका पाय अंगाखाली आला होता, तो तिला काढता येईना. ती ओरडली नाही. नुसती दातावर दात घासत राहिली, आणि तो आवाज बाहेरपर्यंत येत होता.

तो काहीतरी बोलायला गेला. पण शब्दाआधी त्याला खोकला आला.

आत लगेच कान उभे राहिले. मग मान वर आली. मग पुढचे खूर रोवून ती उठू लागली. एकदा घसरली. पुन्हा उठू लागली.

तो भिंतीला धरून मटकन खाली बसला. रोज सकाळी त्याने खोकायचं आणि दार उघडेपर्यंत तिने खोगिरासाठी तयार व्हायचं, चौदा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. चार लोकांत तो हे कौतुकाने सांगायचा. आणि या दोन दिवसांत, बरी आहे ना बघायला, तो दर अर्ध्या तासाने दाराशी आला होता.

"मीच उठवत होतो तिला," तो म्हणाला. बहिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो आत गेला. बाईसाहेब उभी होती, थरथरत. "बस गं," तो म्हणाला. ती बसेना. "अगं बस, माझे आई." ती तशीच.

त्याने खुंटीवरचं खोगीर काढलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" बहीण म्हणाली.

त्याने ते बाईसाहेबच्या पाठीवर ठेवलं, पण भार सगळा स्वतःच्या हातांवर पेलून धरला. पोटाखालचा पट्टा अडकवला. लगेच सोडला. खोगीर उचलून परत खुंटीला लावलं, आणि रोज संध्याकाळी खाजवायचा तसं दोन्ही हातांनी तिला कानांमागे खाजवलं.

"झालं आजचं," तो म्हणाला.

बाईसाहेबने मोठा श्वास सोडला. हळूहळू तिचे पुढचे पाय दुमडले. मोडक्या बाजूने टेका देत तोही तिच्याबरोबर खाली आला, आणि तिची मान त्याने मांडीवर घेतली.

डॉक्टरीणबाई सुई भरून उभ्या होत्या.

"द्या," तो म्हणाला. "आता ती कामावर नाहीये."