कोपऱ्यातलं नाव

“हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या,” कारागीर म्हणाला.

“दुसऱ्याला?” मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुझ्या सख्ख्या भावाची शिळा, आणि अक्षर दुसऱ्याचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

विषय संपला. मालकांचे विषय असेच संपत. दगड कोरायच्या त्या कारखान्याला एकच दार होतं आणि दारातच मालकांची खुर्ची असे, त्यामुळे भांडून तरातरा निघून जायची सोय कोणालाच नव्हती.

शिळा शाळेच्या भिंतीत बसवायची होती. वीस वर्षांपूर्वी परमुलखात लढायला गेलेला आणि तिकडेच मेलेला सैनिक. शहराला त्याची आठवण आत्ता झाली होती. त्याचं शरीरही परत आलं नव्हतं. फक्त मृत्यूची खबर देणारा एक सरकारी कागद आला होता, तो चौकट करून कारागिराच्या घरी भिंतीवर टांगला होता. वीस वर्षं कारागीर रोज त्या कागदाखाली बसून जेवत होता.

दुपारी स्मारक समितीच्या बाई वही घेऊन आल्या. समारंभात सैनिकाचं चरित्र वाचायचं होतं.

“कसा होता हो तुमचा भाऊ?”

कारागीर छिन्नीला धार लावत राहिला. “बोलावणं आलं तेव्हा थोरला तीन दिवस जेवला नाही,” तो शेवटी म्हणाला. “फार घाबरला होता.”

“हे नको,” बाई म्हणाल्या. “निघाला तेव्हाचं सांगा.”

“पहाटे निघाला. बूट ढगळ होत होते. पुढे कागदाचे बोळे कोंबले आणि निघाला. दारातून मागे वळून हसला.”

“म्हणजे सैन्यातसुद्धा मापाचे बूट देत नाहीत!” मालक खुर्चीतून म्हणाले.

“शिट्टी छान वाजवायचा. जेवतानासुद्धा. आई रागवायची. मांजराला पांघरुणात घेऊन झोपायचा. एकोणीससुद्धा पूर्ण नव्हती त्याला.”

बाईंनी वही चाळली. “कागदावर तर एकवीस आहे.”

“मग एकवीस लिहा.”

जाता जाता बाईंनी त्याला नाव घेऊन हाक मारली. तो वळला नाही. दुसरी हाक आली तेव्हा दचकून वळला.

“पहिली हाक ह्याच्यापर्यंत पोचतच नाही,” मालक म्हणाले. “ठोकून ठोकून कान गेले बिचाऱ्याचे.”

घरी आई खाटेवर पडून होती. डोळे केव्हाच गेले होते आणि डॉक्टरांनी आता आशा सोडली होती.

“थोरल्या, आलास?”

“आलो.”

“काकू, हा धाकटा,” शेजारीण मोठ्यानं म्हणाली. “थोरला गेला ना?”

आईनं भिंतीकडे कूस बदलली. तिचा हा घोळ साऱ्या गल्लीला पाठ होता. मृत्यूची बातमी यायच्या आधीच मायलेकरं घर बदलून या शहरात आली होती. त्या दोघा भावांना लहानपणापासून ओळखणारं इथं कोणी नव्हतं, तोंडावळा सारखा होता एवढंच लोकांनी फोटोवरून ताडलं होतं.

शेजारीण गेल्यावर आईनं त्याचं मनगट पकडलं. “मला त्या शिळेपाशी ने. माझ्या गेलेल्या लेकराचं नाव एकदा बोटांनी वाचते, मग मी मोकळी. असेल ना रे नाव त्यावर?”

“असेल,” तो म्हणाला. आईनं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

कारखान्याची एक रीत होती. ज्यानं दगड कोरला त्याचं नाव खालच्या उजव्या कोपऱ्यात यायचं, नखाएवढ्या अक्षरांत. चूक निघाली तर कोणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून. बाकीचे कारागीर हे काम उरकून टाकत. हा मात्र तेवढ्यासाठी तास तास घ्यायचा. शहरभर शेकडो दगडांच्या कोपऱ्यांत ते बारीक, देखणं नाव होतं.

“मालक, या खेपेला कोपऱ्यातलं नाव मोठं करू?”

“किती मोठं?”

“वरच्या नावाएवढं.”

कारखान्यातले सगळे हातोडे थांबले.

“डोकं ठिकाणावर आहे का? भावाच्या शिळेवर स्वतःचा उदोउदो?”

“आईला दिसत नाही. बोटांना लागायला हवं.”

“वरचं लागेल की. चार बोटं उंच आहे!”

“मालक, पाया पडतो.”

तो खरोखरच वाकला. मालक ओशाळले. “पेराएवढं कर. त्यापुढे एक रेघ नाही.”

मागे कोणीतरी हसलं. मेलेल्या भावाच्या जिवावर मिरवतोय, असंही कोणी पुटपुटलं. कारागिराला रडू फुटलं. छिन्नी फेकून कुठेतरी निघून जावंसं त्याला वाटलं, पण दारात खुर्ची होती आणि घरी आई. त्यानं दगडावरची धूळ फुंकली आणि वरचं मोठं नाव कोरायला घेतलं. त्या नावाचं पहिलं अक्षर कोरताना त्याचा हात दोनदा घसरला.

समारंभाला शाळेचं पटांगण भरलं होतं. बाईंनी चरित्र वाचलं. एकविसाव्या वर्षी तो निर्भयपणे निघाला, मागे वळूनही न पाहता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आईची खुर्ची उचलून शिळेपाशी आणली.

तिनं हात लावला. बोटं मोठ्या अक्षरांवरून न थांबता खाली सरकली.

“काकू, नाव वर आहे,” बाईंनी हळूच तिचा हात वर नेला.

आईनं तो सोडवून घेतला. चाचपत चाचपत ती खालच्या कोपऱ्यात पोचली. तिथलं एकेक अक्षर तिनं गिरवलं, पूर्वी दोन्ही मुलांचा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायची तसं. मग दगडाला गाल लावला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

“जो उरलाय त्याचंच कौतुक,” गर्दीत कोणी म्हणालं. “आईच ती.”

आईनं डोळे पुसले आणि कारागिराची बाही शोधून घट्ट धरली.

“थोरल्या,” ती म्हणाली, “तुझं नाव एवढं मोठं कोरलंस, आणि माझ्या गेलेल्या लेकराचं एवढंसंच रे?”