कोंबडीचं पीस

नाताळच्या झाडाच्या खोक्यातून काचेचा पक्षी सगळ्यात शेवटी निघाला. फोल्करनं त्याच्याभोवतीचा पिवळा पडलेला कागद सोडवला आणि पक्षी अलगद नातीच्या तळहातावर ठेवला.

त्याची थोरली बहीण गेर्डा शेजारीच बसली होती. आई ऑक्टोबरात गेली होती. आता तिला दुखवायची भीती उरली नव्हती. साठ वर्षांचं खोटं आज फोल्करला सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती लाइपझिगहून सकाळच्या गाडीनं आली होती.

"आजोबा, याला कोंबडीची शेपटी कशी?" फ्रीडानं विचारलं.

"काचेची होती गं, रेशमासारखी. मी मोडली. चार वर्षांचा होतो, हात नुसते शिवशिवायचे!"

मोडली होती गेर्डानं. ती तेव्हा सात वर्षांची होती. आई आली तशी तिनं भावाकडे बोट दाखवलं, आणि पुढे इतक्यांदा सांगितलं की त्यालाही ते खरं वाटू लागलं. दर नाताळला आई पक्षी झाडावर लावताना "हे आमच्या फोल्करचे प्रताप" म्हणायची. सगळे हसायचे. गेर्डाही हसायची, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

"फोल्कर, मला तुला—"

"थांब गं, हिला पुढचं सांगू दे. आईनं अशी चपराक दिली की कान वाजला. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. संध्याकाळभर मला मांडीवर घेऊन शेगडीपाशी बसली. हे पीस आम्ही दोघांनी मिळून खोचलंय." त्यानं पिसावरून बोट फिरवलं. "तिला कामातून सवड कुठली? तिच्या मांडीवर बसलेलं मला तेवढंच एक आठवतं. बरं झालं मोडली! हं, तू काय म्हणत होतीस?"

गेर्डाच्या मनात आलं, खरं बोललं, तर ती मांडीसुद्धा त्याची राहणार नव्हती.

"काही नाही. बटाट्याच्या सॅलडात मीठ कमी पडलंय."

"गेर्डाआजी, तू कुठे होतीस तेव्हा?" फ्रीडानं विचारलं.

"दाराआड. बघत होते."

"मग यंदा तू लाव." पोरीनं पक्षी तिच्यापुढे धरला.

गेर्डानं दोन्ही हात मागे घेतले.

"नको गं बाळा. माझ्या हातून मोडेल."