तात्यासाहेबांचा निकाल

"हात लावला का तू? एवढंच सांग," तात्यासाहेबांनी विचारलं.

"नाय, सर," द्वारका म्हणाली.

"बोटसुद्धा?"

"बोटसुद्धा नाय."

"मंग सुटलीस!" तात्यासाहेबांनी टेबलावर थाप मारली. आता ते शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते खरे, पण त्याआधी तीस वर्षं कबड्डीचे पंच होते, आणि खुर्ची बदलली म्हणून माणसाची खोड जात नाही. भाऊबंदांचं भांडण असो की शिपायाची रजा, हात लागला की नाही लागला, एवढ्यावर ते कुठल्याही गोष्टीचा निकाल लावत. बहुतेक वेळा तो जमूनही जायचा.

समोर मुख्याध्यापिका फहमिदा मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. सुनेला मारहाण करून तिचं मनगट मोडलं, अशी तक्रार होती आणि तक्रारीत नवरा, सासू, नणंद अशी तीन नावं होती. नणंद म्हणजे द्वारका. महाराष्ट्राकडून कबड्डी खेळलेली, दोन वर्षांपासून पुंडलिकनगरातल्या या शाळेत मुलींना खेळ शिकवणारी. भाऊ हर्सूलच्या जेलात होता, ती आणि तिची आई जामिनावर होत्या. घर आता तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं.

"सर, मुलींच्या आया येऊन मला विचारतात," फहमिदा मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना काय सांगू? कोर्टाचा निकाल लागेपर्यंत बाईंनी घरी थांबावं. सुटल्या की मी स्वतः फाटकापर्यंत येईन त्यांना घ्यायला."

त्या मनाच्या वाईट नव्हत्या. मागच्या वर्षी द्वारकाचा गुडघा दुखावला, तेव्हा महिनाभर तिचे तास त्यांनीच घेतले होते, तेही मैदानात छत्री धरून. पण शाळा त्यांना चालवायची होती आणि लोकांची तोंडं त्यांनाच बंद करायची होती.

"निकाल कवा लागंल?" तात्यासाहेब म्हणाले. "तुमी-मी रिटायर झाल्यावर? तारखेवर तारीख चालती आपल्याकडं. अन् तक्रारीत काय, एकानं केलं की समद्या घराची नावं पडतेत. सुक्यासंगं ओलं जळतं. शिट्टी वाजल्याबिगर गडी भाईर काढायचा नसतो, मॅडम."

फहमिदा मॅडमनी कात्रणाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी खुर्ची द्वारकाकडे वळवली.

"तुम्ही सांगा बाई. खरंच हात नाही लावला?"

"खरंच नाय, मॅडम."

त्यांनी कात्रणाची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं. द्वारका खोटं बोलत नाही, हे दोन वर्षांत शाळेतल्या प्रत्येकाला कळलं होतं. स्पर्धेच्या वेळी आपल्याच संघातल्या मुलीचं वय जास्त आहे म्हणून तिनं हातातला सामना सोडला होता. तेव्हा सगळे तिच्यावर चिडले होते, मॅडमही.

तात्यासाहेबांनी कागद पुढं ओढला आणि पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. सही ठोकून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. "क्रीडाशिक्षिका कुमारी द्वारका यांच्यावरील आरोपांची संस्थेने चौकशी केली. त्या पूर्णपणे निर्दोष असल्याची संस्थेची खात्री झाली आहे. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत त्या सेवेत कायम राहतील."

द्वारकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस तिला घास गोड लागला नव्हता. नोकरी गेली असती तर आईला घेऊन गावी परत जावं लागलं असतं, आणि गावात तर वर्तमानपत्राच्याही आधी बातमी पोचली होती.

"जा आता. पोरी थांबल्यात मैदानावर," तात्यासाहेब म्हणाले.

तिनं पत्र हातात घेतलं, वाचलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं.

"सर, यातला एक शब्द खोडता का?"

"कोन्ता?"

"निर्दोष."

फहमिदा मॅडम अर्ध्या उठल्या होत्या, त्या परत बसल्या. "वेड लागलंय का तुला?" अहो-जाहो त्या पार विसरल्या. "त्याच शब्दावर तर नोकरी टिकतेय तुझी!"

"मॅडम बरोबर सांगतेत," तात्यासाहेब म्हणाले. "कमिटीतले बाकीचे तेवढ्या शब्दावर गप बसतेन. त्यो काढला तर माझंबी कुनी ऐकायचं नाय. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मंग? दादानं मारलं म्हन्ली व्हतीस ना? तू तर हात लावला नाय."

"नाय लावला. मी दारात व्हते." द्वारकानं पदर बोटाभोवती घट्ट गुंडाळला. "दादा मारीत व्हता. मी पुढं झाले असते तर दादाला आडवलं असतं, सर. मैदानात मी लई आडदांड बाया आडवल्यात."

"व्हतं असं," तात्यासाहेब हळू आवाजात म्हणाले. "मानूस घाबरतं. घाबरनं काय गुन्हा नाय."

"घाबरले नव्हते." तिनं बोटाभोवतीचा पदर सोडला. मग तिनं मान वर केली आणि मॅडमकडे नाही, तात्यासाहेबांकडे पाहिलं.

"सरूवहिनीनं मला धरायला हात लांब केला, सर. माझ्या पदराला तिची बोटं लागनारच व्हती. अन् मी मागं सरले."