अत्तरदाणीतला परफ्यूम

"हे अत्तर आहे की माझ्या नातीचं खोडरबर?" अनसूयाकाकूंनी हाताची पालथी बाजू नाकाला लावून विचारलं, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायका आपापले हात हुंगू लागल्या.

यंदा अत्तरदाणीत नेहमीचा हिना नव्हता. कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून मी बनवलेला, पीच आणि मोगऱ्याचा परफ्यूम होता. तो बाजारात आणायचा की मोरीत ओतायचा, हे सोमवारी ठरणार होतं. तिथे ज्यांनी तो लावून पाहिला त्या सगळ्या माझ्या हाताखालच्या होत्या, आणि सगळ्यांना तो 'छान' वाटला होता. मला खरं ऐकायचं होतं, म्हणून घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता खरं ऐकू येत होतं.

"पेरू सडलाय गं कुठेतरी."

"आणि त्यावर कुणीतरी शिळा गजरा टाकलाय."

"छे, लग्नाच्या हॉलमधलं बाथरूम!"

"तरी मी म्हटलं होतं, हिनाच आण," सासूबाई माझ्यावर डाफरल्या. मी खाली मान घालून वाण वाटत राहिले आणि सोमवारी साहेबांना काय सांगायचं ते जुळवू लागले.

चपला घालता घालता अनसूयाकाकू थांबल्या. त्यांनी पुन्हा एकदा हात हुंगला, नाक मुरडलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"ह्यालाही लाव. जरा सढळ हातानं लाव. घरी जाऊन ह्यांनाच विचारते, काय सडलंय ते."

त्यांच्यामागे रांग लागली. रांगेत सासूबाईही होत्या.