साइटवरच्या चौघी

कंपनीने वार्षिक अहवालात छाती फुगवून छापलं होतं: खाणींच्या साइटवर महिला भूवैज्ञानिक चार. सात वर्षं ऑफिसच्या तळघरात खडकांचे नमुने तपासत बसलेल्या तिथल्या एका भूवैज्ञानिक बाईला वाटलं, आपल्यासारख्या आणखी चौघी आहेत तर. त्या कोण, हे विचारायला ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"कुठल्या चौघी? साइट चार, चारही ठिकाणी तुझंच नाव लावलंय," मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाले. "वरून आकडा मागतात. कुठून आणू?"

"मग एकदा तरी साइटवर पाठवा. बूट घेतले तसे कोरे पडलेत."

"तिथे बायकांची सोय नाही. आणि इथे पंख्याखाली तुझं काय अडलंय?"

तिने मान डोलावली. साहेबांना वाटलं, विषय मिटला.

जेवून परतले तर टेबलावर तिचा राजीनामा. त्याखाली दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकावर वेगळ्या साइटचं नाव आणि कारण एकच: ‘साइटवर बायकांची सोय नाही, असं साहेबांनी सांगितलं.’

चारही प्रती आकडा मागणाऱ्यांकडे केव्हाच पोचल्या होत्या.