दुमडीतला धागा

"उद्या व्याख्यानाला हाच घालायचाय, ताई. बघ ना काही होतंय का," म्हणत धाकटीने कोट पुढे केला. खिळ्याला अडकून कोपरापाशी बोटभर फाटला होता.

ताई रफूचं काम करायची. धाकटी गोष्टी लिहायची, आणि यंदा तिच्या एका गोष्टीला बक्षीस मिळालं होतं. म्हणून हे व्याख्यान, 'मी कशी लिहिते'. आठ दिवस डोकं खाजवूनही तिला सुरुवात सापडत नव्हती.

ताईने खिडकीपाशी बसून कोट उलटा केला, खालची दुमड उसवली आणि तिथून एक धागा अलगद ओढून काढला.

"रिळाचा नाही घेत?"

"रिळाचा रंग जुळत नाही. ज्याचं भोक, त्याचाच धागा. आतून काढायचा, कुणाला दिसत नाही तिथून."

धाकटीला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. कुठे रफू, कुठे गोष्ट! पण अगदी हेच तर ती करत आली होती. तिने वही काढली आणि भराभर लिहायला लागली.

"ताई, मीही रफूच करते गं. इतकी वर्षं कळलंच नाही मला."

"असेल," ताई म्हणाली. "मी नवीन होते तेव्हा एकदा शहाणपणा केला. एकाच्या कोटाला दुसऱ्याच्या कोटातला धागा लावला. रंग हुबेहूब. पहिल्याने तोंडभरून कौतुक केलं. महिन्याभराने त्या दुसऱ्याची शिवण सुटली. भर रस्त्यात."

ती सुईत धागा ओवत होती. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तरी धाकटीचा हात थांबला.

बक्षिसाच्या गोष्टीत एक बाई होती. नवरा टाकून गेलेला, पण ती रोज त्याचा एक शर्ट धुऊन दोरीवर घालायची. शेजाऱ्यांना वाटावं, माणूस घरात आहे. 'विलक्षण कल्पनाशक्ती' असं परीक्षकांनी लिहिलं होतं, आणि धाकटीने ते कात्रण जपून ठेवलं होतं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. दोरीवर दोन टॉवेल होते आणि ताईचे कपडे.

"शर्ट?" तिच्या तोंडून निसटलं.

"गोष्ट छापून आली आणि समोरची बाई घरी आली. म्हणाली, आता कशाला उगाच हात दुखवून घेता. चांगल्या मनानंच म्हणाली हो." ताईने दाताने धागा तोडला. "मग बंद केलं."

धाकटीची मान वर होईना. धरणीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते तिला आज कळलं. माफी मागायला शब्द सापडेना, आणि एरवी शब्दांवर तर तिचा सगळा तोरा. वहीतल्या ओळी तिने एकेक करून खोडल्या.

"उद्या काय बोलू गं मी?"

ताईने कोटाची उसवलेली दुमड तिच्या हातात दिली.

"घट्ट धर, हलू नकोस," ती म्हणाली, आणि पुढचा धागा ओढता ओढता पुटपुटली, "आत केवढं कापड आहे बघ तुझ्या. अजून हातच लागलेला नाही."