डावा की उजवा

दोन्ही मॉनिटर शेजारीशेजारी चालू होते आणि धोंडप्पांना त्यांच्यात काडीचाही फरक दिसत नव्हता. एकाच मापाचे, एकाच काळ्या रंगाचे. दोन्हींवर एकच मोटार एकाच रस्त्यावरून पळत होती.

"डाव्यात रंग जरा खुलून दिसतात," दुकानदार हारून म्हणाला. "उजव्यात काळं ते काळंच दिसतं. गेममध्ये अंधार असला की बरं पडतं. बाकी सगळं सेम हाय, काका."

धोंडप्पांनी मुलाकडं पाहिलं. "मल्लू, बोल की. कुठला घ्यायचा?"

"कुठला बी," मल्लिनाथ म्हणाला. तो मॉनिटरकडं बघतसुद्धा नव्हता.

आधीचा मॉनिटर फुटल्यापासून तो एवढंच बोलत होता. कुठला बी. काय बी. चालंल.

तो धोंडप्पांनीच फोडला होता. पिठाची गिरणी बंद करून, दमून ते घरी आले. जेवायला म्हणून पोराला हाक मारली. परत मारली. तो कानाला हेडफोन लावून गेम खेळत बसला होता. रोज संध्याकाळी बसायचा तसाच, कुणाशी तरी हळू आवाजात बोलत, मधूनच हसत. धोंडप्पांनी मागून जाऊन मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर आपटला. "कुठल्या भिकारड्याशी बोलत बसतो रे रोज?" असं वर ओरडलेही. तुकडे मल्लिनाथनंच गोळा केले. शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्यानं तो मॉनिटर घेतला होता. धोंडप्पांना ते ठाऊक होतं. उचलताना आठवलं नव्हतं.

म्हणूनच आज ते त्याला घेऊन नवा मॉनिटर घ्यायला आले होते. घरातली लेक तर आधीच गेली होती. उत्कर्षानं मोहोळच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा तिचं नाव ह्या घरात निघता कामा नये असं त्यांनी बजावलं होतं. बायकोच्या आणि पोराच्या फोनमधून तिचा नंबर स्वतः काढून टाकला होता, आणि तो परत आला का, हे अधूनमधून तपासतही होते. आता पोरगाही समोर असून नसल्यासारखा झाला होता.

"असं कर," हारून मल्लिनाथला म्हणाला. "रोज कुणासंगं खेळतोस? त्याला विचार की. सोबत खेळणाऱ्याला बरोबर माहीत असतं, आपल्याला काय लागतंय ते."

मल्लिनाथचा चेहरा उतरला. "नको," तो घाईनं म्हणाला. "डावा द्या. डावाच द्या."

धोंडप्पांना वाटलं, पोराला लाज वाटतेय. त्या दिवशीचं सगळं ओरडणं हेडफोनमधून पलीकडं गेलं असणार. कुणा परक्याच्या पोरानं ते ऐकलं असणार, भिकारड्यासकट.

"लाव त्याला," ते म्हणाले. "मीच बोलतो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

"नंबर न्हाय माझ्याकडं."

"हितनं लागतंय की," हारून म्हणाला. "कम्प्युटर चालूच हाय. ह्या वेळेला असंल ना ऑनलाइन?"

मल्लिनाथ वडिलांकडं बघत राहिला. मग तो खुर्चीत बसला, आपल्या नावानं गेम उघडला आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला.

"अप्पा," तो म्हणाला, "मधनंच काढून ठेवू नका."

धोंडप्पांनी हेडफोन कानावर चढवला. कुठं बोलायचं ते न कळून ते मॉनिटरकडंच तोंड करून बोलले. "मी मल्लूचा बाप बोलतोय. त्या दिवशी मी तुमाला बी वंगाळ बोललो. माझं चुकलं. पोराशी बोलणं सोडू नका."

पलीकडून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, अप्पा," उत्कर्षा म्हणाली. "तुमाला लागलं न्हवतं ना त्या दिवशी?"

धोंडप्पांचा हात हेडफोनकडं गेला. मल्लिनाथ त्या हाताकडं बघत होता. हारून, काय झालं ते न कळताही, वायरी गुंडाळायच्या निमित्तानं दुकानात मागं गेला. हात तसाच कानाशी राहिला, मग खाली आला. शेवटी, ज्यासाठी दुकानात आले होते, तेवढंच धोंडप्पांच्यानं विचारवलं.

"ह्या दोनातला कुठला घिऊ, बाळ?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. तिचा आवाज भिजला होता. "मला कुटं खेळाय येतंय, अप्पा. मी नुसती एका जागी उभी असते. तुमी जेवला का, आईचा गुडघा कसा हाय, एवढंच विचारते. गेममध्ये मी मेले की डाव संपतो, मग बोलायचं ऱ्हातं. म्हणून मल्लू मला मरू देत न्हाय."

मल्लिनाथ खुर्चीवरून उठला. धोंडप्पा तिथं बसले. पडदा त्यांना नीट दिसत नव्हता.

"मग हितं येऊन बघ," ते म्हणाले. "मोहोळ काय लांब न्हाय. तू येईस्तोवर मी ह्या दुकानातनं उठत न्हाय."